यंत्रापुढें कोण बसलें आहे?

आजच्या भाषणाचा विषय दिसावयास लहान आहे. संगणकावर चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला, 'या घटकेला आपल्याला कोण चालवीत आहे?' हें खात्रीनें कसें कळावें, एवढाच तो प्रश्न. हा प्रश्न प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तज्ज्ञांचा आहे, आपणांस त्याच्याशीं काय कर्तव्य, असें प्रथमदर्शनीं वाटण्याचा संभव आहे. परंतु हल्लीं जमाखर्च, पगार, सातबारा, रेशन अशा बहुतेक व्यवहारांची नोंद अखेर संगणकांतच होते. त्या नोंदीच्या शेजारीं ती करणाराचें नांव यंत्र आपण होऊन लिहितें. आणि पुढें कांहीं वांकडें झालें म्हणजे बोट ठेवलें जातें तें त्या नांवावर. तेव्हां तें नांव यंत्रानें कोठून आणलें, हें समजून घेणें प्रत्येकाच्या हिताचें आहे.

उदाहरणासाठीं लांब जावयास नको. आमच्या ठाण्याच्या वर्तकनगरांत म्हाडाच्या इमारतींच्या पुष्कळ गृहनिर्माण संस्था आहेत. अशा एखाद्या संस्थेचें कार्यालय डोळ्यांपुढें आणा. एक टेबल, एक संगणक आणि त्यांत संस्थेचा सारा जमाखर्च. सकाळीं कारकून वर्गणीच्या पावत्या करतो, दुपारीं खजिनदार व्हाउचरें चढवितो, संध्याकाळीं चिटणीस पत्रें लिहितो. समजा, वर्षअखेरीस हिशेबतपासनिसाला एक नोंद खोडून पुन्हां केलेली आढळली आणि तिच्यापुढें कारकुनाचें नांव निघालें. कारकून शपथेवर सांगतो, 'त्या दिवशीं मी रजेवर होतों.' यंत्र म्हणतें, 'तूंच होतास.' कोणाचें खरें मानावयाचें? यंत्र खोटें बोलत नाहीं अशी पुष्कळांची समजूत असते, आणि गरीब कारकुनाची नोकरी तेवढ्या समजुतीवर जाऊं शकते. परंतु साक्षीदाराची साक्ष घेण्यापूर्वीं एक गोष्ट विचारावी लागते: तूं स्वतः पाहिलेंस, कीं कोणी सांगितलें तें ऐकलेंस?

शाळेंत हजेरी घेणारा मास्तर हा भेद पुरता ओळखून असतो. नांव पुकारल्यावर 'हजर' असा आवाज आला, एवढ्यानें तो मुलगा वर्गांत आहे असें ठरत नाहीं. आवाज शेजारच्या मित्राचाही असूं शकतो. मान वर करून तोंड पाहिलें, तरच हजेरी खरी. संगणकाच्या प्रोग्रॅमालाही हजेरीचे हे दोन्ही मार्ग मोकळे असतात. पुष्कळ प्रोग्रॅम पहिल्याच मार्गानें जातात, कारण तो सोपा आहे.

आरंभींच्या संगणकांना ही विवंचना नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेलें 'टिफ्रॅक' हें यंत्र १९६० सालीं चालूं झालें. त्यावर एका वेळीं एकाचेंच काम चाले, त्यामुळें 'तूं कोण?' असें विचारण्याचें यंत्राला कारण नसे. पुढें एकाच यंत्रावर अनेकांना एकदम बसतां यावें अशी युक्ति निघाली. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ सालीं तशी व्यवस्था करून दाखविली. आतां प्रत्येकाचीं टिपणें वेगळीं ठेवणें भाग पडलें, आणि त्यासाठीं प्रत्येकाला नांव व परवलीचा शब्द देण्याची चाल पडली. गंमत अशी, कीं १९६२ सालींच तेथील ॲलन शेर नांवाच्या विद्यार्थ्यानें सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी यंत्राकडूनच छापून घेतली! त्याला आठवड्याला चारच तास मिळत, ते पुरत नव्हते. म्हणजे दुसऱ्याच्या नांवावर यंत्र वापरण्याची विद्या परवलीच्या शब्दाइतकीच जुनी आहे.

आतां प्रोग्रॅमची बाजू पाहूं. यंत्र चालविणारी जी मूळ व्यवस्था, तिला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज व लिनक्स हीं तिचीं परिचित नांवें. तिच्या अगदीं आंतल्या गाभ्याला 'कर्नल' अशी संज्ञा आहे. मोठ्या वाड्यांतील कारभाऱ्यासारखा हा असतो. जमाखर्चाचे, पत्रलेखनाचे वगैरे सर्व प्रोग्रॅम बाहेरच्या चौकांत काम करतात. दफ्तरखाना व किल्ल्या कारभाऱ्याच्या हातीं. कोणत्याही प्रोग्रॅमला एखादी फाईल उघडावयाची झाली, तरी ती कर्नलकडेच मागावी लागते.

आपण नांव व परवलीचा शब्द देऊन आंत आलों, म्हणजे लॉग-इन केलें, कीं दोन गोष्टी घडतात. एक अशी, कीं कर्नल आपल्या स्वतःच्या वहींत या माणसाचा क्रमांक टिपून ठेवतो आणि त्यानें चालविलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमपुढें तो क्रमांक मांडतो. ही वही बाहेरच्या चौकांतील कोणालाही खोडतां येत नाहीं. दुसरी गोष्ट केवळ सोयीची असते. आलेल्या माणसाच्या खिशांत कांहीं चिठ्ठ्या घातल्या जातात: तुझें नांव अमुक, तुझें दफ्तर अमुक जागीं, तुझी भाषा अमुक. या चिठ्ठ्यांना एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल म्हणतात. नांवाच्या चिठ्ठीला विंडोजमध्यें 'युजरनेम' व लिनक्समध्यें 'युजर' अशी संज्ञा आहे. एका प्रोग्रॅमनें दुसरा सुरू केला, कीं या चिठ्ठ्यांची नक्कल त्याच्या हातीं पडते.

गोम आहे ती येथें. खिसा माणसाचा, चिठ्ठीही त्याचीच. ती फाडून दुसरी लिहिण्यास त्याला कोणाची परवानगी लागत नाहीं. एका ओळीची आज्ञा दिली, कीं कारकुनाच्या चिठ्ठीवर खजिनदाराचें नांव येतें, आणि त्यानंतर चालूं केलेला प्रोग्रॅम ती चिठ्ठी वाचून त्यास खजिनदार समजतो. यांत कोणतेंही कुलूप फोडावें लागत नाहीं. चिठ्ठी मुळांत ओळखीच्या पुराव्यासाठीं नव्हतीच. ती पुरावा मानली, हा प्रोग्रॅम लिहिणाराचा दोष. पडद्यावर 'नमस्कार, अमुकराव' असें लिहावयाचें असेल, तर चिठ्ठी पुरे. पैशाची नोंद, गुणपत्रक, पगारपत्रक असल्या कामीं तिच्यावर विसंबूं नये.

मग करावें काय? पाहुण्याला न विचारतां कारभाऱ्याला विचारावें. लिनक्स व त्याच्या जातीच्या प्रणालींत 'गेटयुआयडी' नांवाची एक विचारणा आहे. प्रोग्रॅम ती करतो आणि कर्नल आपल्या वहींतला क्रमांक सांगतो. विंडोजमध्यें लॉग-इन होतांच माणसाच्या नांवें 'टोकन' म्हणून एक बिल्ला तयार होतो व तो व्यवस्थेच्याच ताब्यांत राहतो. 'गेटयुजरनेम' ही विचारणा त्या बिल्ल्यावरून उत्तर देते. खिशांतली चिठ्ठी बदलली तरी या उत्तरांत फरक पडत नाहीं. तात्पर्य, नांव जेथें पडताळून पाहिलें गेलें, तेथूनच तें घ्यावें.

या कामीं दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतों. पहिली ही, कीं विचारणा प्रोग्रॅमनें स्वतः व थेट करावी. कांहीं लोक 'हूॲमआय', म्हणजे 'मी कोण?', असा एक छोटा तयार प्रोग्रॅम मध्यें घालून त्याच्याकडून उत्तर आणवितात. तो प्रोग्रॅम स्वतः खरेंच सांगतो. परंतु तो कोठें सांपडेल हें पुष्कळदां दुसऱ्या एका चिठ्ठीवरून, 'पाथ' नांवाच्या चिठ्ठीवरून, ठरतें. ती बदलून त्याच नांवाचा तोतया पुढें उभा करतां येतो.

दुसरी गोष्ट नांव व क्रमांक यांची. नोंदींत नांवाबरोबर क्रमांकही ठेवावा. नांवें बदलतात, लग्नानंतर बदलतात, लिहिण्यांतली चूक दुरुस्त केल्यानें बदलतात. विंडोजमध्यें खात्याचें नांव बदललें तरी त्याचा आंतला क्रमांक तोच राहतो. लिनक्समध्यें मात्र काढून टाकलेल्या खात्याचा क्रमांक पुढें नव्या माणसाला मिळूं शकतो, आणि मग जुन्याचीं कर्में नव्याच्या माथीं येतात. म्हणून नोकरी सोडून गेलेल्याचें खातें पुसूं नये. तें बंद करून तसेंच ठेवावें.

येथपर्यंत प्रश्न सरळ होता. परंतु 'कोण?' या एका शब्दांत दोन प्रश्न दडलेले असतात. मुखत्यारपत्र घेऊन आलेला माणूस कचेरींत उभा राहिला, म्हणजे आलेला कोण हा एक प्रश्न, आणि अधिकार कोणाचा हा दुसरा. संगणकांतही असे मुखत्यार असतात. परवलीचे शब्द ज्या फाईलींत ठेवलेले असतात, ती युनिक्समध्यें 'रूट' या सर्वाधिकारी खात्याच्या मालकीची असते; दुसऱ्या कोणी तिला हात लावावयाचा नाहीं. तरीही प्रत्येकाला आपला स्वतःचा परवलीचा शब्द बदलतां आला पाहिजे. यावर डेनिस रिची यांनीं तोड काढली. तिचें पेटंट १९७९ सालीं मंजूर झालें. शब्द बदलून देणारा प्रोग्रॅम कोणीही चालविला तरी तो रूटच्या अधिकारानें चालतो, परंतु कर्नल आपल्या वहींत दोन क्रमांक ठेवतो: चालविणारा खरा माणूस कोण, व अधिकार कोणाचा. प्रोग्रॅमनें पहिला क्रमांक पाहून फक्त त्याच माणसाचा शब्द बदलावयाचा. जबाबदारीची नोंद करतांना जो प्रोग्रॅम दुसराच क्रमांक वाचील, तो सगळीं कामें रूटच्या नांवावर मांडून मोकळा होईल.

याहून अवघड प्रकार 'सुडो' या आज्ञेचा. तिच्या योगानें अधिकृत माणूस तेवढ्या वेळेपुरता पुरताच रूट होतो; दोन्ही क्रमांक बदलतात. मग मूळचा माणूस शोधावा कसा? लिनक्सच्या कर्नलनें याचीही सोय केली आहे. लॉग-इनच्या वेळचा क्रमांक हिशेबतपासणीसाठीं निराळा टिपला जातो, त्यास 'लॉगिनयुआयडी' म्हणतात. पुढें माणसानें कोणाचाही अधिकार घेतला, तरी हा क्रमांक त्याच्या मागें सांवलीसारखा राहतो. 'या दारानें आंत आलेला मूळचा माणूस कोण?' याचें सर्वांत जवळचें उत्तर तेथें मिळतें.

आतांपर्यंत आपण एकाच यंत्राचा विचार केला. प्रत्यक्षांत माणूस ठाण्यांत बसतो आणि हिशेब दूरच्या दुसऱ्या यंत्रावर असतो. तेथील प्रोग्रॅमनें आपल्या कर्नलला 'मला कोण चालवितो?' असें विचारलें, तर प्रामाणिक उत्तर मिळेल तें 'सेवेचें खातें' असें. कारण तो प्रोग्रॅम रात्रंदिवस एकाच खात्यावर चालूं असतो व हजारों लोक त्याच्याकडे येतात. ठाण्याच्या यंत्रानें पाठविलेलें नांव तसेंच धरून चालावें, तर पुन्हां चिठ्ठीवर विश्वास! म्हणून दूरच्या यंत्रानें माणसाची तपासणी स्वतः करावी, किंवा ज्यावर दोघांचाही भरंवसा आहे अशा तिसऱ्याचें न बनवितां येणारें प्रशस्तिपत्र मागावें.

प्रश्न बरोबर असूनही उत्तर देणारा तोतया निघाला, तर काय होतें, याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रांत घडला आहे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्यें घाला पडला. एटीएममध्यें कार्ड घातलें, कीं 'यास पैसे द्यावे काय?' असा प्रश्न 'स्विच' नांवाच्या दुव्यामार्फत बँकेच्या मूळ हिशेबाकडे जातो. चोरांनीं मध्येंच बनावट स्विच उभा केला. प्रश्न खऱ्या खतावणीपर्यंत पोंचलाच नाहीं. तोतयानेंच 'द्या' असें सांगितलें. ११ ऑगस्ट रोजीं २८ देशांतून सुमारें ७८ कोटी रुपये व भारतांतून सुमारें अडीच कोटी रुपये निघाले. पुढें १३ तारखेस सुमारें १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका बँकेंत वळविले गेले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर गेली. एटीएमनें आपलें काम नियमाप्रमाणेंच केलें होतें. मात्र उत्तर देणारा खरा कारभारीच आहे ना, याची खात्री त्या वाटेवर राहिली नव्हती.

हाच नियम घरच्या लहान यंत्रालाही लागूं आहे. ज्या यंत्राचे सर्वाधिकार चालविणाऱ्याच्याच हातीं आहेत, तेथें तो प्रोग्रॅमही बदलूं शकतो आणि नोंदवहीही खोडूं शकतो. तेव्हां कोणी काय केलें याची नोंद त्याच यंत्रावर ठेवणें म्हणजे विद्यार्थ्याच्याच हातीं गुणांची वही देण्यासारखें आहे. ती नोंद दुसऱ्या यंत्रावर, त्याचा हात पोंचणार नाहीं अशा ठिकाणीं, पडली पाहिजे.

इतकें सारें नीट केलें, तरी शेवटीं एक अंतर उरतें. कर्नलला खातें दिसतें, खुर्ची दिसत नाहीं. अमक्या खात्याचा परवलीचा शब्द बरोबर दिला गेला, एवढेंच तो निश्चयानें सांगूं शकतो. तो शब्द देणारीं बोटें कोणाचीं होतीं, हें त्यास ठाऊक नसतें. आंगठ्याच्या ठशानें हें अंतर मिटेल, असें कांहीं जण म्हणतात. नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिलीं आधारपत्रें दिलीं गेलीं. तेव्हांपासून ठसा देणें आपल्या अंगवळणीं पडलें आहे. ठसा शब्दाहून बळकट खरा, परंतु तोही दाराशींच तपासला जातो. ठसा देऊन आंत आलेला माणूस चहास उठला आणि दुसरा त्याच्या खुर्चींत बसला, तर यंत्राच्या लेखीं पहिलाच काम करीत असतो.

शिक्षकी पेशांत जन्म घालविलेल्या माणसाला येथें एका प्रकरणाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. 'शालार्थ' ही राज्यांतील शिक्षकांच्या पगाराची संगणकीय व्यवस्था आहे. २०२५ सालीं नागपूर विभागांत बनावट शालार्थ क्रमांक तयार करून सरकारी तिजोरींतून वेतन काढल्याचें प्रकरण बाहेर आलें आणि शिक्षण खात्यांतील अधिकाऱ्यांना अटक झाली. कोण दोषी व कोण निर्दोष, हें ठरविणें न्यायालयाचें काम. त्यांत आपण पडूं नये. परंतु अशा प्रत्येक चौकशींत 'हें काम कोणाच्या खात्यावरून झालें?' आणि 'तें खातें त्या वेळीं कोणाच्या हातीं होतें?' असे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. पहिल्याचें उत्तर यंत्र देईल. दुसऱ्याचें उत्तर माणसांनीं राखलेल्या शिस्तींतून मिळावयाचें. शिस्त नसेल तर तें कधींच मिळत नाहीं.

ही शिस्त आपणांकडे अजून मुरलेली नाहीं, हें खेदानें म्हणावें लागतें. शाळेंत मुख्याध्यापकांचा परवलीचा शब्द संगणक जाणणाऱ्या एखाद्या तरुण शिक्षकाजवळ असतो. कचेरींत साहेबांचा शब्द कारकुनाला पाठ असतो. यांत कोणाचा वाईट हेतु नसतो, नड असते आणि विश्वास असतो. परंतु विश्वासानें दिलेली कोरी सही आणि विश्वासानें दिलेला परवलीचा शब्द यांत फरक नाहीं. कोरी सही देतांना आपला हात अडतो. शब्द सांगतांना अडत नाहीं, एवढेंच. कायद्यानें मात्र दोन्हींची जात ओळखली आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमांत २००८ च्या दुरुस्तीनें घातलेल्या ६६-क या कलमान्वयें दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा परवलीचा शब्द अप्रामाणिकपणें वापरणारास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

तेव्हां जेथें संगणकावर सार्वजनिक पैशाचें वा दुसऱ्याच्या हिताचें काम चालतें, तेथें चार गोष्टी पाळाव्या. प्रत्येक माणसाला स्वतंत्र खातें असावें. 'ऑफिस' किंवा 'ॲडमिन' असल्या सामाईक नांवानें रोजचें काम होऊं नये. खुर्चीवरून उठतांना पडदा बंद करावा. विंडोजमध्यें विंडोज-चिन्हाची कळ व 'एल' हीं अक्षरें एकदम दाबलीं कीं तें होतें, त्यास क्षणही लागत नाहीं. कोणी रजेवर गेला तर त्याचें खातें न वापरतां बदली माणसाला त्याच्या स्वतःच्या खात्यावर तेवढा अधिकार द्यावा. आणि प्रोग्रॅम विकत घेतांना विकणाराला खुशाल विचारावें: 'नोंदींतलें नांव तुमचा प्रोग्रॅम कोठून घेतो? चिठ्ठीवरून, कीं पडताळणी करणाराकडून?' उत्तर देण्यास तो घुटमळला, तर समजावें कीं त्यानें तो विचार केलेला नाहीं.

नोंदींतलें नांव पाहून कोणावर ठपका ठेवण्यापूर्वीं हीच विचारपूस त्या नोंदीचीही करावी. ज्याचें नांव निघालें त्याला बोलण्याची संधि द्यावी. तो दिवस, ती वेळ, त्या खात्याचा शब्द कोणाकोणाला ठाऊक होता, हें पाहावें. यंत्राची साक्ष घ्यावी, पण तिला तिच्या मर्यादेंत ठेवावें. 'या खात्यावरून झालें' एवढेंच ती सांगते. 'यानेंच केलें' हें वाक्य माणसांना चौकशी करूनच उच्चारावें लागतें.